गाडी थांबलेलीच होती

ब्रेकबाईंच्या जेवणाच्या टेबलाखालची एक लादी बाकीच्या लाद्यांपेक्षा जास्त गुळगुळीत आहे. कोणी पाण्याचा पेला टेबलाच्या अगदी कडेला ठेवला, लेकीने गरम पातेलं फडक्याशिवाय उचललं, नाहीतर टीव्हीवर कोणी जिन्यावरून तरातरा उतरलं, की बाईंचा पाय त्या लादीवर खाडकन दाबला जातो. नवरा म्हणतो, "अगं, थांबली ती. आता पाय काढ."

बाई गाडी चालवायला शिकवतात. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. चालवणाऱ्याने घोळ घातला, की शेजारच्याने तो दाबायचा. तेवीस वर्षं बाई त्या दुसऱ्या आसनावर बसून दुसऱ्यांचे घोळ थांबवत आल्या आहेत. नवऱ्याला गाडीवरून उतरवण्यासाठी शिकायला आलेल्या बायका, बायकोला माहेरी सोडून चोरून शिकणारे नवरे, स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडणारे, "मला सगळं येतं" म्हणत पहिल्याच वळणावर फुटपाथवर चढणारे. त्या शहरातल्या निम्म्याअधिक लोकांनी बाईंच्या पायाच्या जोरावर परवाना मिळवलाय. त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. ब्रेकबाई म्हटलं की रिक्षावालासुद्धा घर दाखवतो.

मुळात त्या स्वतःच शिकायला गेल्या होत्या. लेक तेव्हा रांगत होती आणि बी.ए.ची पदवी कपाटात साड्यांच्या खाली झोपली होती. परीक्षेत बाई तीनदा नापास झाल्या. कारण एकच: भीती. तिसऱ्या वेळी तर त्यांनी परीक्षकाला शेजारी बसवून एका कबुतरासाठी भर रस्त्यात गाडी थांबवली आणि कबुतर आपल्या मर्जीने उडून जाईपर्यंत हलवली नाही. मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ. गाडी शिकवणाऱ्या शाळेच्या मालकांनी ही हकिकत ऐकली, पोट धरून हसले आणि मग गंभीर होऊन म्हणाले, "बाई, मला शूर शिक्षक पुष्कळ मिळतात. तुमच्याइतकं घाबरणारं माणूस अजून भेटलं नव्हतं. चौथ्यांदा पास व्हा आणि माझ्याकडे शिकवायला या." बाई चौथ्यांदा पास झाल्या. मालकांचा अंदाज बावनकशी निघाला. तेवीस वर्षांत बाईंच्या गाडीने कोणाला ओरखडा काढला नाही.

शिकवताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं. "रस्त्यावरचा प्रत्येक माणूस वेडा आहे असं समजायचं. आणि तो आपला नातेवाईक आहे असंही समजायचं." यावर कोणीतरी हमखास म्हणतं, "बाई, दोन्ही एकच की!" बाई हसत नाहीत. "पुढे बघा," म्हणतात.

तर अशा या बाईंच्या पोटी, देव कधी कधी चेष्टा करतो तशी, एक बिनधास्त मुलगी जन्माला आली.

लेक औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. हुशार, बोलकी, हाडापेराने मजबूत. त्या वर्षी शहराच्या अग्निशमन दलात मुलींची पहिल्यांदाच भरती निघाली. लेकीने फॉर्म आणला, भरला आणि टेबलावर ठेवला. शेवटची तारीख शुक्रवार, संध्याकाळी पाच. टेबलाखालची लादी त्या दिवशी फुटायचीच बाकी राहिली.

"औषधांचं दुकान काय वाईट आहे?" बाईंनी विचारलं.

"वाईट काहीच नाही. मला हे करायचंय."

"आगीत शिरायचं? लोक बाहेर पळत येतात त्या दारातून तू आत जाणार?"

"कोणीतरी जातंच ना आई."

"जाऊ दे की! ते कोणीतरी दुसऱ्या कोणाचं तरी पोर असू दे. अनोळखी माणसांसाठी जळायला मी तुला नऊ महिने पोटात वागवलेलं नाही."

"तू सांग," लेक वडिलांकडे वळली. ते चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करतात. त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला या काचेतून तुम्ही दोघीच दिसता," ते म्हणाले, "आणि दोघींच्याही हातात पोळपाटाएवढं काहीतरी आहे. मी भाजी आणायला जातो."

आठवडाभर घरात हाच विषय. बाई म्हणायच्या, या जगात कोणी कोणासाठी जीव धोक्यात घालत नाही, त्या सगळ्या सांगायच्या गोष्टी. लेक म्हणायची, घालतात, वेळ आली की घालतात. "आई, तू मला एकदा तरी मनापासून जा म्हणालीस तर मी जाईन. तुला रडवून मला कोणाला वाचवायचं नाहीये." म्हणजे भांडण दिसायला बरोबरीचं होतं, पण दोर बाईंच्याच हातात होता. नुसतं गप्प राहायचं, शुक्रवार उलटू द्यायचा, की झालं.

मंगळवारी सकाळी बाई आजोबांना घेऊन चढावर गेल्या. हे आजोबा म्हणजे त्यांचे त्या महिन्यातले सगळ्यात वयस्कर विद्यार्थी. पासष्ट वर्षांचे, न्यायालयातले निवृत्त लघुलेखक. चाळीस वर्षं लोक जे बोलले ते जसंच्या तसं उतरवून घेतलेला माणूस. त्यामुळे बाईंचं प्रत्येक वाक्य ते आधी मोठ्यांदा परत म्हणत आणि मगच अमलात आणत. "क्लच अर्धा सोडा." "क्लच अर्धा सोडा," आजोबा म्हणत, आणि तोवर गाडी बंद पडलेली असे.

चढ म्हणजे मोठ्या रस्त्याकडे उतरणारी एक सरळ गल्ली. वर घरं, मध्ये दोन-चार दुकानं, खाली चौक आणि चौकात सकाळपासून मालट्रकांची रीघ. चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता उचलायची कशी, ते बाई इथेच शिकवतात. त्यांची गाडी चढाकडे तोंड करून उभी होती. समोरून शाळेची व्हॅन आली आणि पलीकडच्या कडेला, उताराकडे तोंड करून थांबली. आत पाच लहानगी. त्यांतली एक झोपलेली. व्हॅनवाल्याने हँडब्रेक ओढला, झोपलेलीला खांद्यावर घेतलं आणि समोरच्या घराच्या पायऱ्या चढून बेल वाजवायला गेला.

आता बाईंच्या कानाविषयी सांगायला हवं. जुन्या गाड्यांचा हँडब्रेक ओढला की कट कट असा आवाज येतो. पाच कट म्हणजे गाडी खुंटीला बांधली. तीन कट म्हणजे सपाटीवर चालेल. काचा खाली होत्या आणि बाईंना पलीकडच्या व्हॅनमधून दोनच कट ऐकू आले.

"मेल्याने दोनवर सोडली!" बाई म्हणाल्या.

"मेल्याने दोनवर सोडली," आजोबा म्हणाले आणि पुढे काय करायचं म्हणून वाट बघू लागले.

बाईंनी दार उघडलं. चालू गाडीत शिकाऊ माणसाला एकटं सोडून उतरायचं नाही, हा त्यांनीच घालून दिलेला नियम. तो त्यांनी तेवीस वर्षांत पहिल्यांदा मोडला. "आजोबा, ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. आभाळ कोसळलं तरी नाही!" एवढं सांगून त्या व्हॅनवाल्याला फैलावर घ्यायला निघाल्या. रस्ता अर्धा ओलांडला, आणि व्हॅन हलली.

आधी अगदी हळू. झोपेत कूस बदलावी तशी. मग जरा जास्त.

गल्लीतल्या माणसांच्या लक्षात यायला दोन क्षण लागले आणि मग एकच ओरडा झाला. किल्ल्या करणारा ओरडला, दाढी अर्धी राहिलेलं गिऱ्हाईक न्हाव्याच्या दुकानातून फेसासकट बाहेर आलं, वरच्या खिडक्या उघडल्या. व्हॅनवाला पायऱ्यांवर, कडेवर पोर, तोंड उघडं. सगळे "अरे अरे अरे" करत होते, आणि ओरडण्याने गाडी थांबत असती तर ती जागच्या जागी गोठली असती.

बाईंच्या समोरच व्हॅनचं ड्रायव्हरचं दार होतं. उघडं. हात लांब केला असता तर धरता आलं असतं. पण तेवीस वर्षं ज्या बाईने त्या दाराने गाडीत पाय ठेवला नाही, तिचे पाय तिकडे वळतीलच कसे? बाई गाडीच्या मागून वळसा घालून पळत पलीकडच्या, आपल्या दाराकडे गेल्या. धावत्या व्हॅनच्या बाजूने दहा-बारा पावलं पळाल्या, दार ओढलं, आत चढल्या, बसल्या आणि सगळा जीव एकवटून पायाखालचा ब्रेक दाबला.

पायाखाली नुसता पत्रा.

पुन्हा दाबला. पत्रा. तिसऱ्यांदा पाय आपटला तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला की ही गाडी आपली नव्हे. मग त्यांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक धरला आणि विहिरीतून बादली ओढावी तसा वर ओढला. व्हॅन किंचाळली, मागून घसरली, तोंड कडेला वळलं आणि झाडाभोवतीच्या लोखंडी कठड्यावर जाऊन टेकली. पुढे चौक पंचवीस पावलांवर होता.

क्षणभर सगळं शांत. मग मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, "अजून एकदा!"

बाईंनी मागे वळून चार डोकी मोजली. पुन्हा मोजली. एकाचं नाक वाहत होतं, ते पुसलं. मग गर्दी जमली, दारं उघडली, पोरं बाहेर काढली गेली. व्हॅनवाला धावत येऊन रस्त्यातच बसला आणि रडायला लागला. त्याला रागवायचे शब्द बाईंनी मघाच मनात जुळवून ठेवले होते. त्यातला एकही बाहेर आला नाही. "पाच कट," त्या एवढंच म्हणाल्या. "यापुढे पाच."

हे सगळं निस्तरायला वीस मिनिटं गेली आणि मग बाईंना एकदम आजोबा आठवले. त्या धापा टाकत चढावर गेल्या. गाडी चालूच होती. आजोबा घामाने निथळलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर, दोन्ही पाय ब्रेकवर, नजर समोर.

"पायाला मुंग्या आल्या आहेत, बाई," ते मान न वळवता म्हणाले, "पण काढलेला नाही."

बाईंनी आत हात घालून हँडब्रेक ओढला. आजोबा त्या दांड्याकडे असे बघत राहिले, की जणू तो आत्ताच उगवला होता.

दुपारपर्यंत गोष्ट शहरभर झाली, आणि अशा गोष्टी जशा होतात तशीच झाली. एकाच्या सांगण्यात बाई टपावरून आत शिरल्या होत्या. दुसऱ्याच्या सांगण्यात त्यांनी व्हॅन खांद्याने अडवली होती. फेस लावलेल्या गिऱ्हाइकाचं म्हणणं, "मी धावणारच होतो, पण तोंडाला साबण." कोणी फोनवर चित्रफीतही घेतली होती, पण ती सुरू होत होती ती बाई पोराचं नाक पुसत असताना.

संध्याकाळी लेक दुकानातून पळतच घरी आली. चपला दारात एक इकडे, एक तिकडे. "आई! तू!"

एवढेच दोन शब्द. पण बाईंनी तिचे डोळे पाहिले. असे चमकणारे डोळे त्यांनी लेक शाळेत पहिली आली होती तेव्हाही पाहिले नव्हते. त्यांना लख्ख दिसलं की आठवडाभराचं भांडण आपण आज सकाळी, भर रस्त्यात, चाळीस माणसांसमोर हरलो आहोत. आता कोणत्या तोंडाने सांगणार की अनोळखी माणसासाठी कोणी जीव धोक्यात घालत नाही?

बाईंनी भाजी चिरता चिरता, वर न बघता सांगितलं, "काही नाही गं. गाडी थांबलेलीच होती."

"म्हणजे?"

"मुंगीच्या चालीने सरकली आणि त्या कठड्याला टेकली. थांबल्यावर मी दार उघडलं. पोरं घाबरली असतील म्हणून. लोकांना काय, राईचा पर्वत करायला तेवढंच निमित्त."

"पण सगळे म्हणतात की तू धावत्या गाडीत..."

"सगळे असंही म्हणतात की मी टपावरून उतरले. तुला मी टपावरून उतरणारी वाटते का?"

लेकीने आईकडे पाहिलं. कबुतरासाठी थांबणारी आई. जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरणारी आई. टपावरची गोष्ट इतकी मोठी फुगलेली होती की तिच्याशेजारी बाईंचं खोटं अगदी सभ्य आणि खरं दिसत होतं. "हं," लेक म्हणाली. "मलाही जरा नवलच वाटलं होतं."

नवऱ्याने चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. मग ते आत जाऊन तिच्या खरचटलेल्या कोपरासाठी मलम घेऊन आले. थांबलेल्या गाडीचं दार उघडताना कोपर इतकं कसं सोलवटलं, हे त्यांनी विचारलं नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतोच.

बुधवारी जेवताना लेकीने स्वतःहून विषय काढला. "तुझंच बरोबर आहे, आई. चाळीस माणसं उभी होती आणि एकही हललं नाही. गाडी आपोआप थांबली म्हणून पोरं वाचली. आणि लोकांनी लगेच गोष्ट रचली, कारण त्यांनाही कोणीतरी धावलेलं हवं होतं. मीसुद्धा तशीच गोष्टीवर भाळले." तिने फॉर्मची घडी घातली आणि पर्समध्ये कोंबली. "नाही देत. सुटलीस."

बाई सुटल्या. त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी स्वतःला दोनदा बजावलंही की आता आनंद होऊ दे. पण लेक ताट घासत होती आणि एकच ताट घासत होती, पाच मिनिटं. ती रागावली असती, आदळआपट केली असती तर बाईंनी ती कानाआड केली असती. पण पोरीने मुकाट्याने मान्य केलं होतं की जग आईने सांगितलं तसंच आहे. बाईंना आपलंच म्हणणं पहिल्यांदा इतकं थंडगार लागलं.

गुरुवारी त्या चौकात फळं घ्यायला गेल्या. तिथली फळवाली म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. एरवी ब्रेकबाईंना बघून एक फळ जास्त टाकायची. आज तिने तराजू उचललाच नाही.

"काय हो बाई, गाडी थांबलेलीच होती म्हणे?"

"कोणी सांगितलं?"

"तुमच्याच लेकीने. काल मी विचारलं, तर म्हणाली आई म्हणते थांबलेलीच होती." फळवालीने कमरेवर हात ठेवले. "मग मी काय वेडी म्हणून ट्रकांपुढे उभी राहिले?"

बाईंना काही कळेना. "तुम्ही कुठे उभ्या राहिलात?"

"हे बघा. ह्या इथे." तिने चौकाच्या ऐन मधोमध बोट दाखवलं. "वरून गाडी सुटलेली दिसली. आत पोरं. खाली ट्रकमागून ट्रक. मी हातातली छत्री उघडली नि घुसले मधे. पहिला ट्रकवाला एवढ्यावर येऊन थांबला, एवढ्यावर! काय शिव्या दिल्या त्याने मला! माझ्या सात पिढ्या काढल्या. मी म्हटलं आठवी पण काढ, पण थांब. छत्रीच्या दोन काड्या गेल्या. आणि आता तुम्ही सांगता गाडी थांबलेलीच होती? नवरा कालपासून हसतोय मला. म्हणतो, तू उगाचच मेली असतीस."

ब्रेकबाई त्या छत्रीकडे बघत राहिल्या. ती गाड्याला टेकवून ठेवलेली होती, दोन काड्या लोंबत. मंगळवारी त्यांनी फक्त समोर पाहिलं होतं. खाली चौकात आपल्यासाठी कोणी ट्रक धरून ठेवलेत, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"तुमच्या नवऱ्याला सांगा," त्या कशाबशा म्हणाल्या, "की ब्रेकबाई खोटं बोलली."

"मी कशाला सांगू? तुम्हीच सांगा की! आणि माझ्या नवऱ्याचं सोडा, तुमच्या पोरीला सांगा आधी. तोंड बघवत नाही तिचं."

घरी जाताना बाईंना आजोबा आठवले. बुधवारच्या तासाला त्यांनी आजोबांना गळ घातली होती की कोणी विचारलं तर गाडी थांबलेलीच होती असं सांगा. आजोबा म्हणाले होते, "बाई, चाळीस वर्षं मी कोणाचा एक शब्दही बदलला नाही. तुमच्यासाठी गप्प राहीन. पण बदलणार नाही." आणि मग खिडकीबाहेर बघत पुटपुटले होते, "गाडी थांबलेली होती म्हटल्यावर मी तरी वीस मिनिटं कशासाठी पाय धरून बसलो?" बाईंना तेव्हा ते ऐकू आलं होतं. ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं, इतकंच.

एका खोट्याने घरात एक पोर वाचवायचं, आणि त्यापायी दोन भल्या माणसांना वेड्यात काढायचं. बाईंना रात्रभर काही झोप लागली नाही.

शुक्रवारी दुपारी पावणेचारला त्या औषधांच्या दुकानात शिरल्या. काउंटरवर लेक होती आणि समोर एक खोकणारे गृहस्थ.

"तुला एक सांगायचंय," बाई म्हणाल्या.

"आई, घरी बोलू ना. गिऱ्हाईक आहे."

"घरी उशीर होईल. गाडी थांबलेली नव्हती."

लेकीच्या हातातली बाटली तशीच राहिली.

"चालत होती. चांगली जोरात. मी पळाले, दार उघडलं आणि आत बसले. चुकीच्या बाजूने बसले. जिथे ब्रेक नसतो तिथे तीनदा ब्रेक दाबला. मूर्खासारखा. मग हँडब्रेक ओढला." बाई एका दमात बोलत होत्या, मध्ये थांबलं तर उरलेलं पोटातच राहील अशा. "आणि तू म्हणालीस ना, चाळीस माणसं उभी होती? नव्हती. ती फळवाली छत्री घेऊन ट्रकांसमोर उभी होती. आजोबा ब्रेकवर पाय ठेवून बसले होते. बाकीच्यांचं मला माहीत नाही. मी विचारलं नाही, तू पण विचारलं नाहीस."

लेक हळूच म्हणाली, "मग खोटं का बोललीस?"

"तू जाशील म्हणून!"

खोकणारे गृहस्थ खोकायचे थांबले होते. लेक त्यांच्याकडे वळली, "सॉरी हं काका, देते तुमचं औषध."

"मला काही घाई नाही," ते म्हणाले. "आधी त्यांचं होऊ दे."

"भीती नाही वाटली तुला?" लेकीने विचारलं.

बाईंनी विचार केला. आता या पोरीला खोटं सांगायचं नाही, अर्धंही नाही. "मी व्हॅनवाल्याला झापायला निघाले होते. शौर्य-बिर्य काही नव्हतं. पण दाराला हात लागला ना, तेव्हा एक क्षण होता. तेव्हा मला नीट कळलं की हात सोडला तर मी वाचते. अगदी स्वच्छ कळलं. तुझा चेहरा पण दिसला."

"आणि?"

"आणि मी आत बसले. का ते मला विचारू नकोस. मंगळवारपासून मी तेच शोधतेय." बाईंनी पदराने नाक पुसलं. "कोणीतरी जातंच म्हणत होतीस. ते कोणीतरी तुझी आई निघेल हे मला काय ठाऊक? माझंच म्हणणं मला खोटं पाडायला लागलं. आता तुला कुठल्या तोंडाने अडवू? जा. मनापासून सांगतेय. रडत सांगतेय, पण मनापासून. फॉर्म कुठे टाकलास?"

लेकीने पर्स उघडली. फॉर्म होता तिथेच होता, घडी घातलेला.

"टाकला नव्हतास?"

"शुक्रवार कुठे संपला होता?" लेक म्हणाली.

गृहस्थ म्हणाले, "पोरी, चार वाजत आले. माझा खोकला जुना आहे, तो सोमवारपर्यंत टिकेल. तू नीघ."

दुकानाच्या मालकीणबाईंनी तासाची सुट्टी दिली. बाहेर शिकवणीची गाडी उभी होती आणि स्टिअरिंगवर आजोबा. चारचा तास त्यांचा होता.

"आजोबा, अग्निशमन केंद्रावर," बाई म्हणाल्या.

"अग्निशमन केंद्रावर," आजोबांनी उतरवून घेतलं.

"आणि आजोबा, मी हिला सगळं खरं सांगितलंय. पायाचंसुद्धा."

आजोबांची पाठ एकदम ताठ झाली. त्यांनी आरसा पाहिला, दिवा दाखवला, क्लच अर्धा सोडला, आणि गाडी पहिल्यांदाच गचका न देता निघाली. अर्थात वेग बैलगाडीचा. सायकलवाले मागून पुढे जात होते. लेक मागच्या आसनावर ओठ चावत घड्याळ बघत होती.

"आजोबा," बाई न राहवून म्हणाल्या, "आज जरा जोरात घेतलीत तरी मी काही बोलणार नाही."

आजोबांनी हे वाक्य परत म्हटलं नाही. ते बाईंकडे असे बघायला लागले, की बाईंना ओरडावं लागलं, "पुढे बघा!"

पाचला बारा मिनिटं कमी असताना ते केंद्राच्या खिडकीशी पोचले. खिडकीत एक कंटाळलेला कारकून शिक्के आवरत होता. लेकीने फॉर्म पुढे केला, पण मध्येच तो बाईंनी घेतला.

"देते. आधी काही विचारायचंय. तुमच्या शिडीचे हूक कधी तपासता?"

कारकुनाने मान वर केली. "कोणाची भरती आहे? तुमची की हिची?"

"हिची. पण विचारणारी मी. हूक?"

"दर सोमवारी."

"आणि दोर?"

"वापरला की लगेच."

"ओल्याचा सुकवून ठेवता की तसाच गुंडाळता? आत धूर असला तर एकटीला पाठवता की जोडीने? गाडी चालवणाऱ्याची परीक्षा कोण घेतं? उतारावर उभी करताना चाकाला अडण लावतात का?"

मागे लेक दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती. कारकुनाने आधी उत्तरं दिली, मग आतून एका मोठ्या मिशांच्या साहेबांना हाक मारली. साहेब आले, त्यांनी बाईंना पाहिलं आणि नमस्कारच केला. "अहो ब्रेकबाई! मला तुम्हीच शिकवलंय. मी तो भिंतीत गाडी घालणारा."

"भिंतीत घातली नव्हतीत," बाई म्हणाल्या. "मी दाबला होता." पण त्यांचा आवाज जरा मऊ झाला. मग साहेबांनी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. जोडीने पाठवतो. दोर सुकवतो. अडण लावतो, दोन्ही चाकांना. घड्याळ पाचला दोन मिनिटांवर आलं, तरी फॉर्म बाईंच्या मुठीतच होता.

"आई," लेक म्हणाली, नुसतं तेवढंच.

"शेवटचा," बाई म्हणाल्या. "यांना जेवायला किती वाजता सोडता?"

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "आता तुमच्याशी काय खोटं बोलू, बाई? आग विझली की सोडतो."

"मग हिला लवकर विझवायला शिकवा," बाई म्हणाल्या आणि फॉर्म खिडकीतून आत सरकवला.